कुठं चुकलं ते बघू

उज्वला सांगळे मूळच्या सिन्नरच्या. सुरगाण्याच्या डोंगरातल्या एका शाळेत त्या चौथीला शिकवतात, त्याला आता नऊ वर्षं झाली. गणित त्यांना लहानपणापासून सोपं गेलेलं, त्यामुळे ते कुणाला अवघड का जावं, हेच त्यांना पहिल्या वर्षी कळत नसे. ज्यांना येतं ती मुलं आणि ज्यांना येत नाही ती, असे वर्गाचे दोन भाग त्यांनी मनातल्या मनात केले होते.

पायल दुसऱ्या भागातली. तिचे आईवडील दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षबागांवर कामाला जात. तीही सोबत जाई आणि होळीला परते. मधला अभ्यास बुडे. फळ्यापाशी बोलावलं की खडू धरून नुसती उभी राही. "नाय येत मला," एवढंच म्हणे.

एकदा बाई बोलून गेल्या, "राहू दे. तुला भागाकार नाही जमायचा. तू वाचन कर."

पायल जागेवर जाऊन बसली. पुस्तक उघडलं, पण पान काही उलटलं नाही.

श्रावणातल्या एका रविवारी पायलच्या आईने, कुसाबाईने, बाईंना जेवायला बोलावलं. नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आपणच थापू म्हणून बाई हौसेने चुलीपुढे बसल्या. पहिली भाकरी कडेने चिरली. दुसरी उचलतानाच तुटली.

"मला नाही जमायचं हे," त्या पीठ झटकत म्हणाल्या.

पायल शेजारीच बसली होती. ती हसली नाही. तुटलेला तुकडा तिने बोटांनी दाबून पाहिला. "पाणी कोमट होतं, बाई. कढत लागतं. आणि अजून मळा. परत करा."

चौथी भाकरी तव्यावर अख्खी पडली. ती मोडताना बाईंच्या मनात आलं, ही पोर आपल्याला जे म्हणाली, ते आपण तिला कधीच म्हणालो नव्हतो.

सोमवारी त्या पायलशेजारी सतरंजीवर बसल्या. "त्या दिवशी मी चुकीचं बोलले," त्या म्हणाल्या. "तुझं कुठं चुकतं, ते दोघी मिळून बघू."

सहाशे बाराला सहाने भागायचं होतं. पायलचं उत्तर आलं बारा. "ताळा करून बघ," बाई म्हणाल्या. पायलने उत्तराला सहाने गुणून पाहिलं, बहात्तरच आले. मग तिने वहीतल्या एकेका पायरीवरून बोट फिरवलं.

"इथं एकाला भाग जात नाय," ती हळूच म्हणाली. "मी तशीच पुढं गेले. शून्य ऱ्हायला."

तिने मध्ये शून्य लिहिलं. एकशे दोन.

पुढे सगळ्या वर्गाच्या वह्या बाई अशाच तपासू लागल्या. पायल लगेच हुशार झाली असं नाही. सहामाहीत तिला जेमतेम पासापुरते गुण पडले. पण दिवाळीनंतर गाव सोडताना ती स्वतःहून शाळेत आली आणि म्हणाली, "सोबत न्यायला गणितं द्या."

बाईंनी एका वहीत गणितं लिहून दिली. होळीला ती वही परत आली, खाडाखोडीने भरलेली. अकरा गणितांना पायलने पेन्सिलीने गोल केले होते.

"येवढी कळत नायत," ती म्हणाली. "बाकीच्यांत कुठं चुकलं ते सापडलं."

दोघी शाळेच्या पायरीवर बसल्या आणि पहिल्या गोलापासून सुरुवात केली.