सड्यावरचं राखलेलं गवत

गारगोटीपलीकडे आत्तीच्या गावामागं सडा आहे, म्हणजे डोंगरमाथ्यावरचं सपाट कातळाचं रान. पावसाळ्यात तिथं निळी-पिवळी फुलं येतात आणि ती बघायला आलेली माणसं खालचं गवत खुशाल तुडवतात. मला वेड त्या गवताचं. आत्तीनं, माझ्या वडिलांच्या बहिणीनं, तिथला तिचा तुकडा मला पीएचडीसाठी दिला. मी भोवती तार ओढली. आत कापणी नाही, चराई नाही, उन्हाळ्यात पेटवणं नाही. गवत हवेतला कार्बन घेतं, वाळून पडलं की तो मातीत जातो, माती त्यातला थोडा पुन्हा हवेत सोडते. किती मातीत राहतो, ते मला बघायचं होतं. आत्तीला सांगितलं तर म्हणाली, "म्हंजे माती बी रवंथ करती की!" हल्ली वर्गात शिकवताना मी हेच वाक्य वापरते.

या चैत्रात मातीचे नमुने घ्यायला कोल्हापूरहून गेले. आत्तीची म्हैस न्हाऊन, शिंगांना तेल लावून अंगणात उभी. मला वाटलं, काही सण आहे की काय.

"उद्या बाजारला न्यायची," आत्ती म्हणाली. "वैरण सपली."

परतीच्या पावसात तिची गवताची गंजी कुजली होती. साखर कारखाने हंगाम संपून बंद झाले तसे उसाचे शेंडेही मिळेनात. म्हैस गाभण, पोटाला तर हवंच. एकट्या आत्तीला घरात बोलायला तीच होती. हे सांगताना आत्ती म्हशीकडे बघत नव्हती.

"आणि वर उभं आहे ते गवत?"

"ते तुझ्या अभ्यासाचं हाय."

माझं डोकंच फिरलं. गवतासाठी म्हैस विकायची, आणि तीही माझ्या नावावर! वळचणीचा विळा ओढला आणि तरातरा सडा चढले. आत्ती मागनं ओरडत आली, "अगं ए, कापलंस तर तुझं कसं हुणार?"

"मुळं राहतात मातीत. गवत मरत नाही."

ते खरंच होतं. पण राखलेल्या वर्षांचा सलग धागा तुटणार आणि पदवी लांबणार, हेही खरं होतं. पीएचडीच्या मार्गदर्शक सरांची बोलणी तर ठरलेलीच. तरी पहिली मूठ कापली तेव्हा मला फार बरं वाटलं.

आत्ती तारेच्या आत आली. मग "विळा धरायचं बी कळंना तुला" म्हणत तिनं तो माझ्या हातातून घेतला. ती कापत गेली, मी पेंढ्या बांधत गेले. ऊन कलायला आलं तेव्हा तारेजवळच्या एका कोपऱ्याशी ती थांबली. सुपाएवढी जागा उरली होती.

"एवढं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तुझ्या अभ्यासाला."

मी मान डोलावली. तेवढ्याशा कोपऱ्याचा माझ्या अभ्यासाला काही उपयोग नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.