वारज्याचे अकरा फॉर्म

श्रीमती मंगला रणपिसे यांची आणि माझी ओळख एका फॉर्मवरून झाली. मध्यवर्ती बँकेच्या पुण्यातल्या सांख्यिकी विभागात मी रुजू झाले, त्या दिवशी विभागप्रमुख रणपिसे मॅडमनी मला फाइल दिली नाही की बसायची जागा दाखवली नाही. समोर घरगुती पाहणीचा कोरा फॉर्म ठेवला. नव्या अधिकाऱ्याने आधी तो स्वतः भरायचा, असा त्यांचा दंडक होता. ‘पुढच्या वर्षभरात भाव किती वाढतील असे तुम्हाला वाटते?’ या प्रश्नापुढे मी महागाई निर्देशांकाचा ताजा आकडा लिहिला, दशांशचिन्हासकट.

“घरखर्च कोण बघतं तुमच्याकडे?” मॅडमनी विचारले.

“आई.”

“मग आईला विचारून उद्या परत भरा. हा आकडा मला पेपरातही मिळाला असता.”

मॅडम आज पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. पतधोरणावरच्या त्यांच्या लेखनाबद्दल या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मला एका प्रसंगाबद्दल लिहायचे आहे, कारण त्यातली एक नोंद वीस वर्षे चुकीची राहिली आहे.

भाव वाढणार असे लोकांना वाटू लागले, की ते खरेदी लवकर उरकतात, पगारवाढ मागतात, दुकानदार आधीच भाव चढवतात, आणि महागाई खरोखरच येते. म्हणून व्याजदर ठरवणाऱ्यांना लोकांच्या मनातला आकडा कळावा लागतो. तो दारोदार विचारून आणायचे काम आमच्या विभागाच्या अन्वेषकांचे. वीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात वारज्याच्या एका गल्लीतून अकरा फॉर्म आले. अकराही घरांचा आकडा एकच, आणि बाकी शहरापेक्षा जवळजवळ दुप्पट. घरी बसून मनानेच फॉर्म भरणारा एखादा अन्वेषक अधूनमधून सापडत असे. मी ते अकरा फॉर्म बाद केले. ते आणणाऱ्या सुरेखाताई कंत्राटावर काम करत. त्यांना कमी करावे, अशी टिपणीही लिहिली. मॅडमनी माझ्यावर विसंबून दोन्हींवर सही केली आणि अहवाल मुंबईच्या मुख्यालयात गेला. पतधोरणाचा आढावा आठ दिवसांवर होता.

दुसऱ्या दिवशी सुरेखाताई मॅडमच्या टेबलापुढे उभ्या राहिल्या. मीही तिथेच होते.

“मॅडम, मी अकराही दारं वाजवलीत. काढायचं तर काढा, पण खोटं भरलं म्हणून काढू नका. मग दुसरीकडे कोण घेईल मला?”

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. “तुम्ही गेला होतात वारज्याला?”

“नाही.”

“मीही नाही. चला.”

आम्ही तिघी रिक्षाने गेलो. पहिल्या घरात तोच आकडा, दुसऱ्या घरात तोच. तिसऱ्या घरातल्या काकू अंगणात गहू वाळत घालत होत्या. मॅडमनी त्यांना विचारले, “अहो, गल्लीत सगळ्यांचा आकडा एकच कसा?”

“एकच असणार की! वर्षाचं धान्य आम्ही अकरा घरं मिळूनच भरतो, एकाच व्यापाऱ्याकडनं. त्यो म्हणाला, पुढच्या साली एवढं वाढणार हाय. मग आम्ही बायकांनी बसून इचार केला आन् औंदा दोन दोन पोती जास्तीच घेतली.” त्यांनी आम्हाला न्याहाळले. “तुमच्या हापिसात कोण सांगतं भाव?”

“ह्या सांगतात,” मॅडम माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

काकू हसल्या. सुरेखाताई हसल्या नाहीत.

जे मोजायला आम्ही पगार घेत होतो, ते त्या अंगणात पसरलेले होते. महागाईच्या अपेक्षेने जादा गहू घरात येऊन पडला होता, आणि मी तो कागदावरून काढून टाकला होता.

परत येताच मॅडमनी अहवाल मागे घेतला. मुख्यालयातल्या वरिष्ठांचा फोन आला. बोलणे मला ऐकू येत होते.

“अहो मॅडम, अकरा फॉर्मांनी काय व्याजदर हलणार आहे का?”

“नाही हलणार. पण आकडा पटला नाही म्हणून आपण माणूस खोटा ठरवला. हेच करायचं असेल, तर पाहणी बंद करा आणि दर तिमाहीला मलाच विचारत जा.”

दुरुस्त अहवालासोबतच्या पत्रात त्यांनी लिहिले, ‘फॉर्म बाद करण्याचा निर्णय माझा होता.’

“मॅडम, तो माझा होता,” मी म्हणाले.

“सही कुणाची आहे? तुमचं काम वेगळं आहे. सुरेखाताईंची माफी मागा. माझ्या खोलीत नको, सगळे अन्वेषक बसतात तिथे.”

मी मागितली. सुरेखाताईंनी ऐकून घेतले. “ठीक आहे. पुढच्या फेरीला चला माझ्याबरोबर. चपला तेवढ्या धड घाला.” त्यांचे काम राहिले, पुढे अनेक वर्षे त्यांनी ते केले.

त्या वर्षीच्या बढतीच्या यादीत मॅडमचे नाव नव्हते. त्या पत्रामुळे की आणखी कशामुळे, मला माहीत नाही. एकदा विचारले, तर म्हणाल्या, “बढतीसाठी कर्वेनगरचं घर सोडून मुंबईला जातंय कोण!”

निवृत्तीनंतरही मॅडमकडे तरुण मंडळी आपले काम दाखवायला येतात. मध्यंतरी हिंजवडीतल्या कंपनीत काम करणारी एक मुलगी महागाईचे मॉडेल घेऊन आली होती. “मॅम, डेटा एकदम क्लीन आहे,” ती म्हणाली. “तेच विचारतेय,” मॅडम म्हणाल्या, “साफ करताना काय काय फेकलंत?” मग दोन तास तिच्याबरोबर बसून त्यांनी फेकलेले सगळे पुन्हा पाहिले. स्तुती एका शब्दानेही केली नाही. ती मला वीस वर्षांत एकदाही मिळालेली नाही, हेही सांगते.

ते पत्र अजून दप्तरात आहे. विभागात नव्याने येणाऱ्यांना तो किस्सा ‘रणपिसे मॅडमची चूक’ म्हणून सांगितला जातो. अनेकदा माझ्यासमोर सांगितला गेला आणि मी गप्प राहिले. मॅडमनी खरे काय ते कुणालाही सांगितलेले नाही. ते अकरा फॉर्म मी बाद केले होते. सुरेखाताईंवरची टिपणी मी लिहिली होती. ही चूक यापुढे माझ्या नावावर असावी.

हे छापून आलेले वाचून मॅडम नक्की रागावतील. त्यांना निरोगी, भरपूर आयुष्य लाभो, आणि तो राग काढायला त्यांनी मला लवकर बोलावून घ्यावे.