दुपारचे डंपर

डंपर दुपारी यायचे. त्या वेळी पुरुष कामावर असतात आणि बायका काय करणार, असं खाडीत भराव घालणाऱ्या बिल्डरनं धरलं असावं. ठाणे पूर्वेला खाडीलगत आमची नवी सोसायटी होती. समोर तिवरांचं दाट रान, पलीकडे कोळीवाडा. नव्वदच्या आसपासची गोष्ट. पाडलेल्या इमारतींचा राडारोडा तिवरांवर ओतला जायचा आणि संध्याकाळपर्यंत हिरव्याचा एक तुकडा गायब.

त्या पावसाळ्यात उधाणाचं पाणी पहिल्यांदा आमच्या तळमजल्यावर शिरलं. माझ्या घरातल्या गाद्या, तांदूळ, सगळं खारट चिखलात. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "अर्ज दिलाय." माझं डोकं फिरलं.

आमच्याकडे मासळी आणणाऱ्या मावशींना मी विचारलं, "तुमच्याकडे आलं का पाणी?"

"चुलीपर्यंत. खेकडी, निवटे, सगली त्या मातीखाली गेली. आमचे बाप्ये बोलतान, बघू."

"आमचेही तेच म्हणतात."

"मग आपुनच जाव," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोन्हीकडच्या बायका कच्च्या रस्त्यावर जाऊन बसलो. सगळ्यांत पुढे मावशी. डंपर अगदी अंगावर आणून ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. कोणी हललं नाही. मग बिल्डरचा माणूस आला. "घरी कामं नाहीत का तुम्हाला?"

तोवर मी परक्या माणसाशी कधी आवाज चढवून बोलले नव्हते. "आहेत ना. घरात तुझा चिखल आहे. आधी तो काढायला ये."

पुढे आम्ही आळीपाळीनं बसायला लागलो. कोळणी बाजाराला गेल्या की आम्ही, आमची मुलं शाळेतून यायच्या वेळी त्या. डबे आमच्याकडून, तान्ही पोरं त्यांच्या म्हाताऱ्यांकडे. अखेर पेपरात फोटो आला, पालिकेचे अधिकारी धावत आले आणि भराव थांबला.

आणि मग सत्कार झाला. स्टेजवर पुढारी, सेक्रेटरी आणि आणखी चार पुरुष. हार, शाली. "आमच्या भगिनींनीही मोलाची साथ दिली," पुढारी म्हणाले.

मावशी खालूनच उठल्या. "साथ? तवा तुमी कुठं व्हतात?"

लोक हसले. विनोद झाल्यासारखे हसले. तेवढ्यात सेक्रेटरी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "वहिनी, जरा चहाचं बघता का?"

मी "नाही" म्हटलं आणि मावशींच्या मागोमाग बाहेर पडले. बऱ्याच बायका निघाल्या. सगळ्या नाही निघाल्या, त्याचाही मला राग आला.

काही महिन्यांनी खाडीच्या वरच्या अंगाला पुन्हा डंपर दिसू लागले. आम्ही तिथेही गेलो, सोसायटीत कुणाला न विचारता. तो तुकडा मात्र वाचला नाही. आता तिथे टॉवर उभा आहे. समुद्र चढतोय, हवामान बदलतंय, यावर भाषणं करणारे पुरुष टीव्हीवर दिसले की मी टीव्ही बंद करते.