फिंतासची इमारत फिरवली तेव्हा

फिंतासला समुद्रकाठी साठ बिऱ्हाडांची चार मजली इमारत उठायची होती आणि तिचे नकाशे माझ्या टेबलावर आले होते. रत्नागिरीहून कुवेतला येऊन मला जेमतेम दोन वर्षं झालेली. हुद्दा ड्राफ्ट्समनचा, म्हणजे इजिप्तचे आमचे इंजिनिअर साहेब सांगतील ती रेघ ओढायची. पण हा नकाशा मला खुपत होता. समुद्र दिसावा म्हणून लांब बाजू पूर्वेला घेतली होती, म्हणजे तेवढीच लांब पाठ पश्चिमेला. अर्धी बिऱ्हाडं दुपारभर भाजून निघणार!

"साहेब, इमारत फिरवली तर?" मी भीतभीत विचारलं. "लांब बाजू उत्तरेला आणि दक्षिणेला. उत्तरेचा वारा आरपार जाईल. दक्षिणेला खोल छज्जे देऊ."

"मालकांना पटव, मग फिरवू."

मी प्लायवूडच्या दोन सारख्या पेट्या केल्या, खिडक्या कापल्या. ऑफिसच्या गच्चीवर एक नकाशाप्रमाणे ठेवली, दुसरी फिरवून, छज्जे लावून. दुपारी तीनला इमारतीचे कुवेती मालक वर आले. तरुणपणी मोती घेऊन मुंबईला जात, त्यामुळे माझ्याशी हिंदीत बोलायचे.

"ये क्या खिलौना है?"

"हाथ अंदर डालिए, हाजीसाहब."

पहिल्या पेटीतून त्यांनी हात झटकन काढला. दुसऱ्या पेटीत तो तसाच राहिला.

"और समुंदर?"

"गॅलरीत उभं राहिलं की बाजूला दिसेल," मी हिंदीत सांगितलं.

ते हसले. "घुमा दो!"

जिना मी दोन-दोन पायऱ्या टाकत उतरलो. पुढचा महिनाभर सगळे नकाशे नव्याने काढताना बोटांची शाई निघाली नाही.

इमारत पुरी झाल्यावर तिसऱ्या मजल्यावर मलाच एक बिऱ्हाड मिळालं. बायको बोटीने आली ती ऐन जूनमध्ये. दारात उभी राहून म्हणाली, "या अल्ला! इथे ऊन आग ओकतं असं लिहिलं होतंत ना? खोलीत तर बसवतंय की!"

उकडत होतंच, पण बसवत होतं! मला राहवेना. मी मजल्यामजल्यावरचं एकेक दार ठोठावून विचारत सुटलो, "दुपारी कसं वाटतं?" बहुतेक खूश होते. सगळ्यात वरच्या, चौथ्या मजल्यावरचे गृहस्थ मात्र वैतागून म्हणाले, "आमच्या डोक्यावर तवा तापतो, त्याचं बघा!"

बरोबर होतं त्यांचं. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या आधी मी ऑफिसात हजर होतो आणि टेबलावर गच्चीवर सावली धरणाऱ्या दुसऱ्या, हलक्या छपराचा नकाशा अर्धा झाला होता.