विधीला लपवायचं नाही

जळगावच्या दाणा बाजारात मोहनबाईंच्या जिभेला सगळे टरकून असत. डाळीचं दुकान नवऱ्याचं, लालचंदजींचं. पण गिऱ्हाईक फार घासाघीस करू लागलं की लालचंदजी हळूच आत बघायचे आणि मोहनबाई बाहेर यायच्या.

अशा बाईची बोलती एकदाच बंद झाली. नात विधी चार वर्षांची झाली तरी बोलेना, हाक मारली तर वळून बघेना, ताटली गरगर फिरवत बसे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ऑटिझम आहे. स्वमग्नता."

मोहनबाई गप्प झाल्या, तशी बाकीच्यांना कंठ फुटला. जाऊ म्हणाली, मोबाइलनं झालं. नणंद म्हणाली, लसीनं. धाकटे दीर प्रेमराज सुनेकडे बघत म्हणाले, "आईनं लक्ष दिलं नाही, दुसरं काय!"

सून रडू लागली. मोहनबाई उठल्या, डॉक्टरीणबाईंकडे पुन्हा जाऊन सगळे प्रश्न विचारून आल्या आणि भरल्या पंगतीत म्हणाल्या, "लस नाही, मोबाइल नाही. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी. आणि आईबापाच्या दुर्लक्षानं होत असतं ना प्रेमराजभाऊ, तर तुमचं एक पोर सुटलं नसतं."

पुढे धाकट्या मुलाचं, पारसचं लग्न जुळत आलं. धुळ्याची मुस्कान. पोरापोरीनं एकमेकांना पसंत केलं होतं, आता वडीलधारी मंडळी घर बघायला येणार होती. प्रेमराज म्हणाले, "भाभी, त्या दिवशी विधीला नशिराबादला मावशीकडे ठेवू."

"तुम्हीच जाऊन राहा. तुमच्या बोलण्यानं जास्त स्थळं मोडलीत."

पाहुणे आले. विधी बैठकीत मधोमध ताटली फिरवत बसली. मुस्कानचे वडील ललितजी म्हणाले, "बेबी बोलत नाही का?"

"अजून नाही," मोहनबाई म्हणाल्या, "ऑटिझम आहे तिला."

प्रेमराजना कचोरीचा ठसका लागला.

"औषधानं बरी होईल ना?"

"ताप आहे का उतरायला? शिकवलं की शिकते, तिच्या चालीनं."

ललितजी खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाले, "घराण्यात असतं का हो हे? म्हणजे उद्या आमच्या मुस्कानच्या मुलांना..."

हा प्रश्न मोहनबाईंनीही डॉक्टरीणबाईंना विचारला होता, तोही असाच हळू आवाजात. मोहनबाई म्हणाल्या, "रक्ताचा भाग असतो. कुणाला होईल, ते कुणीच सांगू शकत नाही. गॅरंटी हवी असेल तर ललितजी, फ्रिज घ्या."

दुसऱ्या दिवशी धुळ्याहून फोन आला. पत्रिका जुळत नाही म्हणे. प्रेमराजनी मोहनबाईंशी बोलणं टाकलं. ते त्यांनी फायद्यातच धरलं. पण पारस स्वयंपाकघरात आला आणि एवढंच म्हणाला, "आई, मला आवडली होती ती." मोहनबाईंनी त्याच्यासाठी चहा टाकला, तो उतू गेला.

आठवड्याभरानं एका सकाळी पारसनं आपणहून विधीला स्कूटरवर बसवलं आणि थेरपीच्या वर्गाला घेऊन गेला. पुढे तो रोजच नेऊ लागला. तिथं तिला चित्रांची कार्डं दाखवून हवं ते मागायला शिकवत. कितीतरी महिने ती कार्डं नुसती चावायची.

पर्युषणात मोहनबाईंचा कडक उपास होता. तोंड कोरडं, डोकं तापलेलं. तेवढ्यात विधी आली, त्यांच्या हातात एक कार्ड कोंबलं आणि तोंडाकडे बघत उभी राहिली. कार्डावर जिलेबी होती.

घरात कुणाकडे तिनं असं काही मागितलं ते पहिल्यांदाच.

"अगं, मागून मागून उपाशी बाईकडे जिलेबी मागतेस, बेशरम!" म्हणत मोहनबाई डोळे पुसत उठल्या आणि चपला न घालताच हलवायाकडे धावल्या.