आबांसाठी रोजची दवंडी

ऐका हो ऐका! कवठे महांकाळात राहिलेल्या, कवठे महांकाळ सोडून गेलेल्या आणि जावं की राहावं या विचारात स्टँडवर बसून राहिलेल्या तमाम मंडळींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येतं की, महाबळेश्वर मुक्कामी आमच्या स्वयंपाकघरातल्या पापडांनी आज सकाळी आपला शेवटचा कडकपणा सोडला. आता त्यांची रुमालासारखी घडी घालता येते. दुखवट्याला कुणी येऊ नये. घाट बंद आहे.

हसू नका. असल्या दवंड्या मी गेला अख्खा पावसाळा रोज लिहिल्या, आणि त्या एकाच माणसासाठी होत्या. तो माणूस म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो. ही दवंडी का सुरू झाली ते कळायचं तर आधी मी घर सोडलं त्या सकाळी जावं लागेल.

आमचं घर धनगराचं. दिवाळी झाली की आबा घोड्यावर बिऱ्हाड लादून, मेंढरांचं खांड घेऊन कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात उतरायचे आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे. त्यामुळं घर सोडून जाणं ही आमच्याकडे बातमीच नव्हती. फक्त गेलेला माणूस परत येणार हे ठरलेलं असायचं. माझं तसं नव्हतं. मी बी.ए. झाले आणि महाबळेश्वरच्या एका हॉटेलात काउंटरवर बसायची नोकरी लागली. आई आधी आनंदानं रडली, मग दुःखानं रडली, मग डोळे पुसून शेंगदाण्याची चटणी कुटायला बसली. मी आबांना विचारलं, "आबा, जाऊ का?"

आबा म्हणाले, "जा."

संपलं. मागं काही नाही, पुढं काही नाही. त्या "जा"मध्ये आनंदानं जा आहे, की जा बाई एकदाची आहे, की जाऊ नकोस आहे, मला काही केल्या उलगडेना. आबा बोलायचे नाहीत असं नाही. दिवसभर बोलायचे, पण मेंढरांशी.

निघायच्या दिवशी ते स्टँडवर आलेच नाहीत. "खांड कोण बघंल?" म्हणून पहाटेच बाहेर पडले. आई आणि माझा भाऊ बापू सोडायला आले. गाडी सुटली, गाव संपलं, आणि थोडं पुढं जाऊन करकचून थांबली. समोर रस्ता दिसत नव्हता. नुसती मेंढरं. काळी, पांढरी, ठिपक्यांची, रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. आणि बाजूला काठीवर हनुवटी टेकून, आभाळात काहीतरी हरवल्यासारखं बघत उभे आमचे आबा.

ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून वाजवून हात दुखवून घेतला. कंडक्टर खाली उतरला. "आवं मामा, काढा की मेंढरं! आज कराड गाठायचं हाय का उद्या?"

"ऐकत न्हाईत वो," आबा म्हणाले.

आता हा माणूस कोण, ते लक्षात घ्या. जीभ टाळूला लावून एक आवाज काढला की खांड डावीकडे, दुसरा काढला की उजवीकडे, असा याचा लौकिक. त्या दिवशी त्यांनी गळ्यातले सगळे आवाज काढून बघितले. मेंढरं निवांत रवंथ करत बसली. माणसं खाली उतरली, कुणी तंबाखू मळली, एका म्हातारीनं पिशवीतली भाकरी सोडली. मी मात्र खिडकीत लाजेनं पदरात तोंड घालून बसले होते. नोकरीला निघाले होते, अन् गाडी अडवली होती माझ्याच घरच्या मेंढरांनी!

मग आबा खांडातून वाट काढत माझ्या खिडकीखाली आले. खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि माझ्या तोंडाकडं न बघता त्या गजाकडंच बघत राहिले. म्हणाले, "जा." मग मागं वळून टाळूला जीभ लावली, आणि काय सांगू, चहा निवायच्या आत रस्ता साफ.

घरात या प्रकरणाचा निकाल लागला तो असा: मेंढरं येडी. त्यानंतर दर दिवाळीला मी आबांना छेडायचे, "आबा, त्या दिवशी नक्की झालं काय होतं?" आबांचं उत्तर ठरलेलं. "मेंढरं हायती. जात्यात आडवी."

ज्या मुलखात ढग दिसला की माणसं त्याला बघायला घराबाहेर येतात, तिथून मी अशा गावात आले जिथं ढगच माणसांना बघायला घरात येतात. पहिल्या पावसाळ्यात माझ्या चपलेवर बुरशी आली तेव्हा मी ती कौतुकानं शेजारणीला दाखवली होती. दिवाळीला घरी जाऊन पावसाचं वर्णन केलं, हातवारे करून, तोंडानं घाटातल्या धबधब्याचे आवाज काढून. आबांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "एवढा पाऊस तुमी एकट्यानंच खाता व्हय? जरा इकडं धाडा की."

मी इथल्याच एका टॅक्सीवाल्याशी लग्न केलं. आता आमच्या स्वतःच्या चार खोल्या आहेत, पाहुण्यांसाठी. माझ्या तोंडात चेक-इन आहे, गीझर आहे, वाय-फायचा पासवर्ड आहे. धुक्यात उभा राहून पाहुणा विचारतो, "मॅडम, व्ह्यू कुठाय?" मी सांगते, "समोरच आहे, फक्त दिसत नाहीये." गावी गेले की जीभ परत फिरवायला मला अर्धा दिवस लागतो. "आम्ही," म्हटलं की बापू ओरडतो, "आली बघा, ह घिऊन आली! अगं आमी म्हण, आमी! तेवढा ह तिकडंच ठिवून येत जा."

आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. आबा आणि बापू आणि बापूची बायको सुमन, एवढं ते घर. गेल्या उन्हाळ्याच्या अखेरीला आबांना झटका आला. मिरजेला दवाखान्यात नेलं. हातपाय बरेचसे वाचले. वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं ऐकू येतंय, सगळं कळतंय, त्यांच्याशी बोलत राहा. परत बोलतील का, हे सांगता येणार नाही. जे काही व्हायचं ते या पहिल्या महिन्यांतच.

मी राहता आलं तेवढी राहिले आणि मग मला परत यावं लागलं. मागोमाग पाऊस आला, आणि तो इकडं कसा येतो ते तुम्हाला ठाऊक आहे. दरडी कोसळल्या, घाट बंद, पाहुणे बंद, वीज कधी येईल तेव्हा. रेंज असली की मी फोन करायचे. वहिनी फोन आबांच्या कानाला लावायची आणि आबा तोंड भिंतीकडं फिरवायचे. उत्तर देता येत नाही त्याची लाज. आयुष्यभर ज्यांनी मला "जा"पलीकडं चार शब्द दिले नाहीत, त्यांना आता न बोलण्याची लाज वाटावी! मी फोन ठेवून रडले. मग विचार केला की बोललेल्याला उत्तर द्यावं लागतं, लिहिलेल्याला लागत नाही. मी रोज लिहून पाठवायचं आणि वहिनीनं मोबाईलवरून आबांना वाचून दाखवायचं, असं ठरलं.

सकाळी चहा ठेवायच्या आधी, गॅसच्या शेगडीशेजारी स्टूल घेऊन मी लिहायला बसायचे. घरात तेवढीच कोरडी जागा, म्हणून वर दोरीवर आमच्या टॅक्सीवाल्यांचे मोजे वाळत असायचे. त्या मोज्यांखाली माझं सगळं साहित्य जन्माला आलं. माकडानं पाहुण्यांची टूथपेस्ट पळवली आणि झाडावर बसून दोन्ही गालांना लावली, ते लिहिलं. भिंतींना पावसासाठी बांधलेल्या गवताच्या झडपांत मांजर व्यालं, ते लिहिलं. सगळं "ऐका हो ऐका"नं सुरू व्हायचं, कारण लहानपणी दवंडी पिटणारा आला की आबा हातातलं काम टाकून ऐकायचे, एवढं मला आठवत होतं.

वीज गेली की रेंज जायची. मग हे माझा फोन खिशात घालून गाडी काढायचे आणि पाचगणीच्या बाजूला जिथं रेंज मिळेल तिथपर्यंत जायचे. एकदा वैतागून म्हणाले, "आज काय लिहिलंयस एवढं?"

"पापड."

"पापडासाठी मी डिझेल जाळू?"

"हो."

गेले बिचारे. धुक्यात दिवे लावून, पापडाचं निधन पोचवायला.

तिकडं सुमनवहिनी वाचायची ती बेदाण्याचा भाव वाचावा तशी, एका सुरात, माकडाला आणि मांजराला सारखाच भाव देऊन. मी तक्रार केली की माझ्या विनोदाची तू माती करतेस. तिनं मला ऐकवायला म्हणून वाचताना रेकॉर्ड करून व्हॉइस नोट पाठवायला सुरुवात केली. शेवटी स्वतःचा अहवाल जोडायची. "वन्सं, आज हूं न्हाई का चूं न्हाई. पण चहा सगळा पिला." दुसऱ्या दिवशी, "आज भिताडाकडं तोंड नव्हतं केलं." मी त्या एका ओळीसाठी सगळी नोट ऐकायचे. आठवडे गेले. चहा, भाकरी, भिंत. शब्द नाही.

आणि मग एका सकाळी माझ्याकडंही शब्द उरला नाही. घाट बंदच, खोल्या रिकाम्या, मांजरसुद्धा पिल्लं घेऊन शेजारी निघून गेलेलं. मी मोज्यांखाली बसले आणि उठले. आबा काही बोलत नाहीत, मीही रोज भिंतीशीच बोलते आहे, असं वाटलं. लिहिलं, "आज काही नाही." पाठवून दिलं.

दुपारी वहिनीची नोट आली. बेदाण्याचा भाव गडगडल्यासारखा आवाज. "आवं वन्सं, काय बी न्हाई म्हंजे? सकाळधरनं म्हातारं मोबाईलकडं बघत बसलंय. मी भाकरी पुढ्यात ठिवली तर ताट सारलं आन् मोबाईल दावला. काय बी लिवा. खोटं लिवा. पर लिवा!"

खोटं लिवा! पाहुण्यांपुढं रोज खोटं बोलून पोट भरणाऱ्या बाईला याहून मोठा आशीर्वाद कोण देणार? आजच्या बातम्या संपल्या असतील तर जुन्या आहेतच. मी परत स्टुलावर बसले आणि घर सोडलं त्या सकाळची दवंडी लिहायला घेतली. आणि लिहिता लिहिता माझ्या अंगात आलं. आबांची एकच दुखरी नस मला ठाऊक होती, त्यांची मेंढरं. मी नेमकं तिच्यावर बोट ठेवलं. लिहिलं की, ऐका हो ऐका, त्या दिवशी कवठे महांकाळच्या रस्त्यावर जी मेंढरं आडवी आली, ती अख्ख्या तालुक्यातली सर्वांत येडी मेंढरं होती. त्यांना डावं कळत नव्हतं, उजवं कळत नव्हतं. आणि त्यांना वळवणारा मेंढका तर त्याहून कच्चा. कंडक्टरनं हाकली असती तर लवकर हलली असती.

पाठवलं आणि घाबरले. आजारी माणसाला असं डिवचावं का? उरलेली दुपार हात कामाला लागेना. संध्याकाळी नोट आली.

थांबा. घाई करू नका, मीही केली नव्हती. फोन हातात घेऊन मी पायरीवर बसले होते. ढग आत-बाहेर करत होता. तुम्ही जे माझ्यासारखे निघून आलात, तुम्हालाही लोक विचारत असतील, तुमचं घर कोणतं? मी आधी काही काही सांगायचे. कधी हे, कधी ते, पाहुण्याच्या गाडीची नंबरप्लेट बघून. त्या पायरीवर मला वाटलं, जिथं आपण लिहिलेलं ऐकायला कुणी ताट सारून बसतं तेही आपलं घर, आणि जिथं पापड पोचवायला कुणी धुक्यात गाडी काढतं तेही. दोन घरं असली म्हणून काय बिघडलं? आबांचीही दोन होती. एक गावात आणि एक घोड्यावर. मी त्या बापाची मुलगी आहे. फक्त एवढ्या वर्षांत एक गोष्ट मला कळली नव्हती, त्या "जा"चा अर्थ.

मी नोट लावली. वहिनीचा एकसुरी आवाज सुरू झाला. रस्ता आला, हॉर्न आला, कंडक्टर आला. येडी मेंढरं आली. कच्चा मेंढका आला. "कंडक्टरनं हाकली असती तर..." वहिनी वाचत होती, आणि मध्येच खाटेची दोरी करकरली. काठी जमिनीवर आपटली. वहिनी थांबली. आणि घासलेला, अडखळणारा, पण रागानं भरलेला एक आवाज आला.

"मेंढरं... न्हाईत येडी! मी... मीच घातली हुती आडवी!"