डोमाची शिट्टी आणि साडेवीस डेसिबल

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. आमची सिग्नल्सची तुकडी चांदा जिल्ह्यात होती. पोंभुर्ण्याकडच्या जंगलात, तलावाकाठच्या एका गावी आमचं ठाणं. माणसं दोनच: मी हवालदार आणि सिग्नलमन डोमा मारबते. चांद्याच्या कॅम्पात रिसीव्हरसमोर कॅप्टन साहेब. या जंगलातून वायरलेसचा आवाज किती स्वच्छ पोहोचतो, ते मोजायचं होतं.

फौजेबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. इथून एकसारखा, शुद्ध सूर सोडायचा. त्याला साइन वेव्ह म्हणतात. साहेबांनी तिकडे मीटरवर व्होल्ट वाचायचे. मग सूर बंद, पण सेट चालूच. आता मीटरवर उरतो तो नुसता गोंगाट, म्हणजे नॉइज. पहिल्या रीडिंगमध्येही तो मिसळलेला असतोच. म्हणून दोन्ही आकड्यांचे वर्ग करून वजाबाकी करायची, वर्गमूळ काढायचं आणि त्याला गोंगाटाच्या आकड्याने भागायचं. उत्तर दहा आलं की वीस डेसिबल. निदान तेवढे हवे होते.

डोमाला ते आमच्यापेक्षा जास्त हवे होते. तो याच मुलखातला, तलावात मासे धरणाऱ्या घरातला. दोन दिवसांनी शेजारच्या गावात त्याचं लग्न होतं आणि चाचणी पास झाली की रजा. नेमका चाचणीच्याच सकाळी सूर काढणाऱ्या ऑसिलेटरचा व्हॉल्व्ह, म्हणजे आतली काचेची नळी, गेला. नवा जबलपूरहून यायचा, म्हणजे आठवडा तरी जाणार.

साहेबांना कळवलं. "व्हॉल्व्ह आने तक वहीं रुको. ओव्हर."

डोमा मटकन खाली बसला. "हवालदार साहेब, नवरी थांबन. तिचा बाप नाई थांबत."

त्याचं तोंड पाहून मला हसू आवरेना. आणि एकदम त्याची शिट्टी आठवली. दंडारीच्या, म्हणजे गावच्या नाचगाण्याच्या खेळात शिकलेला हा गडी एका दमात लांबलचक, सरळ शिट्टी मारायचा. ड्यूटीवर मारली म्हणून मीच त्याला दोनदा पिठ्ठू लावला होता, म्हणजे पाठीवर ओझं देऊन पळवलं होतं.

"डोमा, मार शिट्टी."

"ऑर्डर हाय का साहेब?"

"ऑर्डर."

ऑसिलेटरऐवजी डोमाची शिट्टी चालेल का, असं विचारल्यावर साहेब सेटवर खो खो हसले. मग आवाज कडक करून म्हणाले, "टोन भेजो. ओव्हर."

डोमाने माइकसमोर शिट्टी धरली. तिकडून रीडिंग आलं, तीन पॉइंट दोन व्होल्ट. "अब टोन बंद." डोमा थांबला. मी माइकचं बोलायचं बटण दाबूनच धरलं. दुसरं रीडिंग, पॉइंट आठ. साहेबांनी हिशेब केला. "पावणेबारा. फेल. ओव्हर."

मी मागे वळून पाहिलं. शिट्टी ऐकून अख्खं गाव गोळा झालं होतं आणि त्यांची बडबड उघड्या माइकमधून थेट चांद्याला जात होती.

डोमाने हात जोडले. "भाऊ, बाई, मी थांबलो का कोणी बोलू नका. माहं लगन अडून राह्यलं."

"काऊन रे? लग्नाले मुक्यानं राहा लागते का?" एका म्हातारीने विचारलं.

"आजच्या रोज, बाई."

साहेबांकडून एक संधी मागून घेतली. डोमाने पुन्हा शिट्टी धरली, पुन्हा थांबला. या वेळी गाव चिडीचूप. धान कांडणाऱ्या बायकांची मुसळं वरच्या वर थांबली. एकाने कुत्र्याचं तोंड धरलं. म्हातारीने स्वतःचं.

पहिलं रीडिंग तेच, तीन पॉइंट दोन. दुसरं पॉइंट तीन आलं.

"साडेवीस. पास. मारबते की छुट्टी मंजूर. आउट."

त्यानंतर गावाने जो गोंगाट केला, त्याचं रीडिंग कुणी घेतलं नाही. लग्नात मी पोटभर जेवलो, आणि वरातीत नवरदेव स्वतःच शिट्ट्या मारत होता.

पुढे ईशान्येच्या डोंगरांत, सेटवर संदेश देता देता डोमा गोळी लागून पडला. मी बेसवर ऐकत होतो. त्याचा आवाज थांबला, पण बटण दाबलेलंच राहिलं होतं. तंबूत कुणीतरी बोलू लागलं. मी हात वर करून त्याला गप्प केलं आणि ऐकत राहिलो. नुसता नॉइज येत होता.

रजेवर त्याच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने चहा दिला आणि विचारलं, "शिट्टीसाठी तुमी त्याईले सजा देली होती म्हणे?"

"दिली होती. दोनदा."

ती थोडी हसली. "घरीबी लय वाजवत. मी नाई रोकलं कधी."